मध्य वातावरणातील बाष्पाचे समस्थानिक: मॉडेलमध्ये डेल्टा नव्हे, अणू मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वातावरणाच्या मॉडेलमध्ये पाण्याचे बाष्प आणि मिथेन आधीपासून आहेत, त्यात आता एचडीओ, म्हणजे एका हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेले पाणी, बसवायचे आहे. तपस्तब्धीतून, म्हणजे खालचे वातावरण आणि त्यावरचे स्थितांबर यांच्या सीमेतून, वर जाणाऱ्या बाष्पाचा डेल्टा-डी (ड्यूटेरियमचे माप, खाली सांगतो) उणे ६५० धरला. मिथेन जळून होणाऱ्या पाण्याला मिथेनचाच उणे ८६ हा आकडा दिला. दोन्हींची प्रमाणशीर सरासरी काढली, तर स्थितांबराच्या माथ्याजवळ उणे ४३० येते. हे चालेल का? आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांसाठीही असेच करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: दिशा बरोबर आहे, पण आकडा ५०हून जास्त चुकतो. दुसऱ्याचे उत्तर: नाही, ऑक्सिजनचे गणित वेगळ्याच पायावर उभे करावे लागते. दोन्हींची कारणे सविस्तर सांगतो, कारण ही चूक फार जण करतात आणि ती निकालांच्या नकाशात कुठेही डोळ्यांत भरत नाही.

मुळात डेल्टा ही छापण्याची सोय आहे. सागरजलाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे १५५.७६ ड्यूटेरियम असतात. आपल्या नमुन्यातले गुणोत्तर त्या प्रमाणापेक्षा दर हजारी किती कमी-जास्त आहे, ते डेल्टा-डी सांगतो. उणे ६५० म्हणजे सागराच्या तुलनेत ३५ टक्केच ड्यूटेरियम उरले आहे. पण रसायनशास्त्राला डेल्टा माहीत नसतो. तिथे रेणू येतात, रेणू जातात. म्हणून मॉडेलमध्येही एचडीओ, ड्यूटेरियमवाला मिथेन (सीएच-थ्री-डी) आणि एचडी (एक अणू ड्यूटेरियमचा असलेला हायड्रोजन रेणू) हे तीन वेगळे ट्रेसर, म्हणजे हवेबरोबर वाहणारे घटक, ठेवा आणि डेल्टा अगदी शेवटी, आलेख काढताना काढा.

इथे एक बारीक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनच्या दोन जागा आहेत, म्हणून सागरजलात एचडीओचे पाण्याशी गुणोत्तर १५५.७६ च्या दुप्पट, म्हणजे दहा लाखांत सुमारे ३११.५ असते. मिथेनमध्ये चार जागा, म्हणून तिथे चौपट, सुमारे ६२३. हायड्रोजनच्या रेणूला पुन्हा दुप्पट. हा दोन-चारचा गुणक एखाद्या ठिकाणी विसरला, तर मॉडेल मोडत नाही, फक्त उत्तर चुकते. कोड तपासायला बसतो तेव्हा मी सर्वांत आधी हेच पाहतो.

आता तुमचेच उदाहरण अणूंच्या हिशेबाने करून पाहू. तपस्तब्धीवर पाणी ३.८ पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंमागे), डेल्टा-डी उणे ६५०. एचडीओ झाले ०.४१ पीपीबी (शंभर कोटींमागे). मिथेन १.७ पीपीएम, उणे ८६. त्यातला सीएच-थ्री-डी ०.९७ पीपीबी. हायड्रोजन ०.५ पीपीएम, अधिक १३०. त्यातला एचडी ०.१८ पीपीबी. बेरीज साधारण १.५६ पीपीबी ड्यूटेरियम.

हे आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. वर जाणाऱ्या हवेतले साठ टक्क्यांहून जास्त ड्यूटेरियम मिथेनमधून जाते आहे, पाण्यातून नव्हे. पाणी तपस्तब्धीच्या थंडीत आपले जड रेणू बर्फाच्या रूपाने खाली टाकून आलेले असते. मिथेन गोठत नाही, त्यामुळे तो आपला सगळा वाटा शाबूत घेऊन वर येतो. म्हणजे वरच्या स्थितांबरातला एचडीओ हा बहुतांशी मिथेनचा वारस आहे, आणि मिथेनच्या रसायनात केलेली ढिलाई थेट डेल्टा-डीमध्ये उतरते.

समजा वर जाता जाता १.२ पीपीएम मिथेन जळला आणि ०.५ उरला. प्रत्येक मिथेनमागे जवळजवळ दोन पाणी मिळते, म्हणजे एकूण पाणी ६.२ पीपीएम. पण साधा मिथेन आणि सीएच-थ्री-डी एकाच वेगाने जळत नाहीत. दोघांच्या वेगांचे गुणोत्तर उदाहरणापुरते १.२ धरू. मग उरलेला मिथेन जड होत जातो आणि त्याचा डेल्टा-डी अधिक १२० च्या आसपास पोचतो. त्यात ०.३५ पीपीबी सीएच-थ्री-डी अडकून राहते. म्हणजे पाण्याच्या बाजूला ०.९७ वजा ०.३५, म्हणजे ०.६२ पीपीबीच येते. त्यातून एचडी थोडे घेऊन जाते. स्थितांबरात हायड्रोजनचे एकूण प्रमाण उंचीनुसार फारसे बदलत नाही, कारण फॉर्माल्डिहाइडच्या प्रकाशविघटनातून जेवढा बनतो तेवढाच जळतो. पण एचडी हळू जळते, त्यामुळे हायड्रोजन वर जाता जाता बराच जड होतो. अधिक ४०० धरला, तर एचडी ०.१८ वरून ०.२२ वर जाते. उरलेला जमाखर्च सरळ आहे: ०.४१ अधिक ०.६२ वजा ०.०४, म्हणजे एचडीओ ०.९९ पीपीबी. ते ६.२ पीपीएम पाण्यात, म्हणजे डेल्टा-डी सुमारे उणे ४८७.

तुमचे उणे ४३० आणि हे उणे ४८७ यांतला फरक कुठून आला ते पाहा. निम्म्याहून जास्त भाग उरलेल्या मिथेनने दाबून धरलेल्या ड्यूटेरियमचा आहे, बाकीचा हायड्रोजनचा. प्रयोगशाळेतला एकही आकडा न बदलता फक्त खाते पूर्ण मांडल्याने एवढा फरक पडतो. खालच्या उष्णकटिबंधीय स्थितांबरात ऋतुमानाने होणारा चढउतारही काही दहा एककांचाच असतो, म्हणून ५७ ही किरकोळ रक्कम समजू नका.

उदाहरणात मी १.२ हा एकच आकडा वापरला. मॉडेलमध्ये मात्र तसे करू नका. मिथेन तिघांकडून जळतो आणि तिघांची निवड वेगळी आहे. ओएच या मूलकासाठी साध्या आणि जड मिथेनच्या वेगांचे गुणोत्तर खोलीच्या तापमानाला १.३ च्या जवळ आहे. उत्तेजित ऑक्सिजन अणू, म्हणजे ओ-वन-डी, फारसा भेद करत नाही, त्याचे १.०६ च्या आसपास. क्लोरीन अणू सर्वांत चोखंदळ, दीडच्या आसपास, आणि थंडीत त्याहून जास्त. कोणत्या उंचीवर कोण किती मिथेन खातो, त्यावर तिथली प्रत्यक्ष निवड ठरते. म्हणून तिन्ही अभिक्रिया तापमानावर अवलंबून असलेल्या दरांसह वेगवेगळ्या लिहा. सीएच-थ्री-डीच्या पुढच्या पायऱ्या, म्हणजे मेथिल, फॉर्माल्डिहाइड, फॉर्मिल, सगळ्या ड्यूटेरियमसह लिहायला मनुष्यबळ नसेल, तर एक सोपी वाट आहे. गेलेल्या प्रत्येक सीएच-थ्री-डीचा ड्यूटेरियम एचडीओला द्या आणि एचडीची वाढ मोजमापांवर आधारलेल्या मिथेन-एचडी संबंधातून वजा करा. हवामानाच्या मोठ्या मॉडेलांसाठी ही तडजोड मला मान्य आहे. एकमितीय मॉडेल असेल तर मात्र पूर्ण साखळी लिहा. तिथे खर्च कमी आहे, आणि एचडी नेमके किती बनते हे त्या साखळीतूनच कळते.

एक कसोटी कायम चालू ठेवा. स्थितांबरात पाणी, दुप्पट मिथेन आणि हायड्रोजन यांची बेरीज जवळपास स्थिर राहते. तशीच एचडीओ, सीएच-थ्री-डी आणि एचडी यांची बेरीजही राहिली पाहिजे. तपस्तब्धीतून आत आलेल्या हवेचा इतिहास बदलला नसेल आणि तरीही ही दुसरी बेरीज उंचीनुसार सरकत असेल, तर कोडमध्ये ड्यूटेरियम कुठेतरी गळते आहे.

आता उणे ६५० कडे वळू, कारण सगळ्या गणितातला सर्वांत नाजूक आकडा तोच आहे. तो निरीक्षणांतून आला आहे. अवकाशयानावरून चालवलेल्या ॲटमॉस या वर्णपटमापकाच्या नोंदींवरून १९९६ मध्ये स्थितांबरात शिरणाऱ्या बाष्पाचा डेल्टा-डी उणे ६७० च्या आसपास काढला गेला. सरळ रेलेचे सूत्र लावले तर इतके जड बाष्प यायलाच नको. समुद्रावरची ओलसर हवा चढत जाते, गोठते, बर्फ लगेच खाली पडतो, असे धरले तर तपस्तब्धीपर्यंत बाष्प उणे ८०० च्या खाली, उणे ९०० कडे गेलेले असते. मधला दीडशे-दोनशेचा फरक बर्फकणांचा आहे. जोरदार गडगडाटी ढग खालच्या थरातला, तुलनेने जड बर्फ उचलून थेट वर नेतात, तिथे तो कोरड्या हवेत उडून जातो आणि बाष्पाला पुन्हा जड करतो. शिवाय वेगवेगळ्या थरांतली हवा एकमेकांत मिसळते. मिश्रणाचे गुणोत्तर रेलेच्या वक्रावर न राहता त्याच्या वर बसते, त्यामुळे तेही डेल्टा-डी वाढवते.

म्हणून तुमच्या मॉडेलला स्वतःचे ढग असतील, तर उणे ६५० बाहेरून लादू नका. बाष्प, द्रव पाणी आणि बर्फ या तिन्हींना एचडीओचा जोडीदार द्या आणि काय येते ते पाहा. द्रव थेंब आजूबाजूच्या बाष्पाशी समतोल साधतो. बर्फाच्या आतले रेणू मात्र जागचे हलत नाहीत, त्यामुळे बर्फ एकदा बनला की त्याचा बाष्पाशी संबंध तुटला असे धरा. तो उडून जाताना फ्रॅक्शनेशन, म्हणजे जड-हलक्या रेणूंची निवड, लावू नका, थर जसा आहे तसा बाष्पात जातो. बाहेर येणारा आकडा उणे ७५० असेल तर ते तुमच्या संवहनाच्या योजनेबद्दल काहीतरी सांगते, आणि ती माहिती मोलाची आहे. लादलेल्या आकड्याने ती झाकली जाते. मला विचाराल तर समस्थानिक मॉडेलमध्ये घेण्याचे सर्वांत चांगले कारण हेच आहे: एकट्या पाण्याच्या प्रमाणावरून हवा थंडीने कोरडी झाली की बर्फाने पुन्हा भिजली, हे ओळखता येत नाही, ड्यूटेरियमवरून ओळखता येते.

बर्फ आणि बाष्प यांच्यातल्या समतोल-गुणकासाठी (समतोलात बर्फातले ड्यूटेरियमचे गुणोत्तर बाष्पातल्याच्या किती पट) बहुतेक मॉडेले १९६७ चे मेर्लिव्हा आणि निएफ यांचे सूत्र वापरतात. त्याने शून्य अंशाला १.१३, उणे ४० ला १.२३ आणि तपस्तब्धीच्या १९० केल्व्हिनला १.४३ मिळते. पण मूळ मोजमापे उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतचीच आहेत, पुढचा भाग सूत्र ताणून मिळवलेला आहे. कार्ल्सरूहच्या आयडा या मेघकक्षात १९४ ते २३४ केल्व्हिनमध्ये केलेल्या मोजमापांत (प्रसिद्धी २०१७) प्रत्यक्ष गुणक त्या ताणलेल्या सूत्रापेक्षा काहीसा कमी आढळला. दोन्ही पर्यायांनी एक-एक धाव करून फरक पाहा. त्यात अतिसंपृक्ततेचा परिणामही येतो: हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल तर एचडीओ जड असल्याने हळू पसरते, बर्फापर्यंत उशिरा पोचते, आणि परिणामी गुणक घटतो. सिरस ढगांत अतिसंपृक्तता नेहमीची आहे, म्हणून हे कलम गाळू नका.

संख्यात्मक बाजूबद्दल थोडे, कारण इथे खोटे संकेत तयार होतात. पाणी आणि एचडीओ हे दोन ट्रेसर वाऱ्याबरोबर वेगवेगळे वाहवले जातात. वहनाच्या बऱ्याच योजनांत ऋण मूल्ये आणि खोटी शिखरे टाळण्यासाठी मर्यादक असतात आणि ते अरेषीय असतात. तपस्तब्धीजवळ पाण्याचा उतार फार तीव्र असतो. तिथे मर्यादक पाण्यावर एका तऱ्हेने आणि एचडीओवर दुसऱ्या तऱ्हेने काम करतो, आणि कोणतेही भौतिक कारण नसताना डेल्टा-डी सरकतो. एचडीओ ३११.५ या गुणोत्तराने भागून साठवा, म्हणजे दोन्ही ट्रेसरांचे आकडे एकाच मापाचे राहतात. मग सगळे समतोल-गुणक १, सगळी वेगांची गुणोत्तरे १ आणि सगळ्या स्रोतांचे डेल्टा शून्य करून एक धाव घ्या. डेल्टा-डी सर्वत्र शून्यच राहिला पाहिजे. मिथेन आणि हायड्रोजन यांचे डेल्टाही शून्य करायला विसरू नका, नाहीतर कसोटीला अर्थ उरत नाही. जिथे शून्य ढळते तिथे तुमच्या वहनाची खरी अचूकता कळते, आणि त्याहून लहान संकेतावर निष्कर्ष काढता येत नाही.

मॉडेल स्थिरावायला वेळ द्या. ध्रुवाकडच्या वरच्या स्थितांबरातली हवा पाच-सहा वर्षे जुनी असू शकते, आणि जुने एचडीओ पूर्ण निघून जायला त्याच्या कितीतरी पट काळ लागतो. दहा वर्षांहून कमी धाव पाहून वरच्या थरांबद्दल बोलू नये.

मध्यांबराबद्दल, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थराबद्दल, थोडक्यात. साधारण ७० किलोमीटरच्या वर सूर्याची लायमन-अल्फा किरणे, १२१.६ नॅनोमीटरची, पाणी फोडू लागतात. एचडीओ साध्या पाण्यापेक्षा कमी सहज फुटते, आणि फुटले तरी ओडी आणि एच असे तुकडे होण्याकडे कल असतो. त्यामुळे वर पाणी घटत असताना उरलेले जड होत जाते. इथे हायड्रोजन अणू आणि रेणू यांचा वाटा मोठा होतो, म्हणून तीन ट्रेसरांची सोपी बेरीज पुरत नाही. डी अणू आणि ओडी यांनाही खात्यात घ्या. उन्हाळी ध्रुवाजवळ ८३-८५ किलोमीटरवर बनणाऱ्या ढगांसाठी बर्फाचा गुणक १५० केल्व्हिनखाली ताणावा लागेल. तो आकडा मी निष्कर्षासाठी वापरणार नाही, फक्त संवेदनशीलता पाहायला वापरेन.

आता ऑक्सिजन. ड्यूटेरियमची पद्धत इथे का चालत नाही, ते एका वाक्यात सांगता येते: मध्य वातावरणातला हायड्रोजन मोजका आहे, ऑक्सिजन अमर्याद आहे. पाणी ओ-वन-डीशी भिडून दोन ओएच होतात, आणि पुढे ओएच व एचओटू एकत्र येऊन पुन्हा पाणी होते. या फेऱ्यात हायड्रोजन तोच राहतो, त्यामुळे ड्यूटेरियमची आठवण टिकते. ऑक्सिजन मात्र बदलतो. नव्या पाण्यातला ऑक्सिजन शेवटी हवेतल्या ऑक्सिजनच्या साठ्यातून येतो, आणि त्या साठ्यापुढे पाण्याचे प्रमाण नगण्य आहे. म्हणून ऑक्सिजनची बेरीज जपण्याचा प्रयत्न करू नका. कोणत्या अभिक्रियेने कोणत्या साठ्यातला अणू पाण्यात आणला, तेवढेच लिहा.

साठे मुख्यतः दोन. हवेतला रेणूरूप ऑक्सिजन, ज्याचा डेल्टा-१८ (ऑक्सिजन-१८ चा डेल्टा) सागरजलापेक्षा सुमारे २४ ने जास्त आहे. आणि ओझोन, जो त्याहून खूप जड आहे. ओझोनचे वैशिष्ट्य असे की त्यात १७ आणि १८ या दोन्ही समस्थानिकांची वाढ जवळपास सारखी होते. नेहमीच्या वस्तुमानाधारित फ्रॅक्शनेशनमध्ये १७ ची वाढ १८ च्या सुमारे निम्मी असते. १९८३ मध्ये थीमन्स आणि हायडेनराइख यांनी प्रयोगशाळेत हे दाखवले, आणि तेव्हापासून हा जादा १७ ओझोनची खूण म्हणून वापरला जातो. ही खूण ओ-वन-डीमार्फत आणि नायट्रोजन ऑक्साइडांमार्फत ओएचमध्ये, आणि ओएच मिथेनमधून हायड्रोजन ओढतो तेव्हा पाण्यात उतरते.

पण वाटेत ती पुसलीही जाते, आणि मॉडेलची गुणवत्ता इथेच ठरते. साधा ऑक्सिजन अणू ऑक्सिजन रेणूशी इतक्या झपाट्याने अदलाबदल करतो की ओझोनची खूण त्याच्याजवळ फारशी उरत नाही. ओएच नायट्रिक ऑक्साइडशी ऑक्सिजन बदलतो, आणि खाली, जिथे पाणी भरपूर आहे, तिथे पाण्याशीही. या अदलाबदलींत रसायनाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, म्हणून नेहमीच्या अभिक्रियांच्या यादीत त्या नसतात. तुमच्या यादीतही नसतील. त्या घातल्याशिवाय ऑक्सिजनचे समस्थानिक चालवू नका, नाहीतर पाण्यात जादा १७ अवाजवी दिसेल. वरच्या मध्यांबरात पाण्याचे आयुष्य दिवसांवर येते, तिथे तपस्तब्धीची ऑक्सिजनी आठवण पूर्ण गेलेली असते, आणि तिथून हिवाळ्यात ध्रुवाजवळ खाली उतरणारी हवा हा नवा ऑक्सिजन स्थितांबरात घेऊन येते.

शेवटी निरीक्षणांशी तुलना. एचडीओचे जागतिक चित्र उपग्रहांवरच्या तीन उपकरणांकडून, म्हणजे ओडिनवरचे एसएमआर, एन्व्हिसॅटवरचे मिपास (२००२ ते २०१२) आणि सायसॅटवरचे एस-एफटीएस यांच्याकडून मिळते. खालच्या उष्णकटिबंधीय स्थितांबरात तपस्तब्धीच्या ऋतूंची खूण वर सरकत जाते. पाण्यात ती स्पष्ट दिसते. डेल्टा-डीमध्ये मिपासला ती दिसते, एस-एफटीएसला तशी दिसत नाही. यावरून कोणते मॉडेल बरोबर हे ठरवण्याआधी उपकरणांकडे पाहा. पाणी आणि एचडीओ यांची उभी विभेदनक्षमता एकाच उपकरणातही सारखी नसते. पाण्याचा आलेख बारीक आणि एचडीओचा पसरट असेल, तर नुसत्या भागाकारातून ऋतुचक्र तयार होऊ शकते किंवा खरे ऋतुचक्र दबू शकते. एस-एफटीएस सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळीच मोजते, त्यामुळे उष्णकटिबंधात त्याचे नमुने विरळ असतात.

म्हणून मॉडेलचे पाणी आणि मॉडेलचे एचडीओ यांना उपकरणाचे ॲव्हरेजिंग कर्नल (उपकरण कोणती उंची किती वजनाने पाहते ते सांगणारे आकडे) वेगवेगळे लावा, उपकरणाच्याच जागा आणि वेळा निवडा, आणि त्यानंतर गुणोत्तर काढा. सरासरी घ्यायची असेल तर आधी दोन्ही रेणूंची सरासरी घ्या आणि मग भागा. एकेका आलेखाचा डेल्टा काढून त्यांची सरासरी घेतली, तर छेदातल्या पाण्याच्या गोंगाटाने आकडा एका बाजूला सरकतो, आणि तो सरकणे गोंगाट सर्वांत जास्त असलेल्या तपस्तब्धीजवळच सर्वांत मोठे असते.